तिसऱ्या कुपीनंतर

एका संस्थानात अत्तराचा कारखाना होता आणि त्याच्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं अख्खं गाव कायम अर्धवट स्वप्नात असायचं. नव्या कामगारांना वास ओळखायला शिकवायची मेहरूबी. रोज सकाळी ती एकच कुपी उघडायची, मूठभर फुटाणे खाऊन होतील एवढा वेळ हुंगायला द्यायची, की संपला त्या दिवसाचा धडा.

एकदा दिवाण त्र्यंबकराव पाहणीला आले आणि कडाडले, "चाळीस अत्तरांना चाळीस दिवस? ही शिकवणी की चैन? उद्या एका बैठकीत सगळी शिकव, नाहीतर कारखान्याची पायरी चढू नकोस!"

मेहरूबी लवून म्हणाली, "जशी आज्ञा. पण पहिला मान आपला, दिवाणसाहेब. आज आपण शिका, उद्या इतरांना तसंच शिकवते."

दिवाण ऐटीत लोडाला टेकले. गुलाब, मोगरा, केवडा... एकामागून एक कुप्या उघडत गेल्या. दालनात वासांचं धुकं दाटलं. दिवाणांच्या पापण्या जडावल्या आणि ते जणू कुठल्याशा बागेतून तरंगत चालले. मेहरूबीनं चाळिसावी कुपी त्यांच्या नाकाशी धरली.

"वा! खस! काय उंची माल आहे!" ते डोळे मिटूनच म्हणाले.

"साहेब, हे आपल्या विहिरीचं पाणी."

दिवाणांनी खाडकन डोळे उघडले. "म्हणजे? मग मी इतका वेळ हुंगलं काय?"

"आपलं नाक तिसऱ्या कुपीलाच उठून गेलं, साहेब. पुढच्या सदतीस कुप्या एकट्या मिशांनी हुंगल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरूबीनं एकच कुपी उघडली. हुंगणाऱ्यांच्या रांगेत शेवटी दिवाण बसले होते, मिशा उपरण्यानं झाकून.