वाटीच्या तळाचं तेल

"पण जिची आई गावभर वाटली गेली, त्या मुलीनं आपला वाटा मागायचा कुणाकडे, अक्का?"

केतकीनं हे विचारलं तेव्हा भागीरथीअक्का विहिरीपाशी बसून पितळी भांडी घासत होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात त्या एकट्याच राहत. वय झालेलं, पण हात अजून खमके.

नुसता राखेचा खसखस आवाज.

केतकी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. वकील होती, कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करायची. आज ती सल्ला मागायला आलीच नव्हती. आपण केलं ते बरोबर, एवढं अक्कांच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि निघायचं, असं ठरवूनच आली होती.

तिची आई, इंदुमती टाकळकर, विद्यापीठाची कुलसचिव. श्रावणात गेली. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे ढसाढसा रडले. केतकीच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. लोक कुजबुजले. तिला स्वतःलाही ते लागून राहिलं होतं.

"काल वसतिगृहातल्या मुली घरी आल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणे, ताई, नरकचतुर्दशीला तुम्ही याल ना? मॅडम यायच्या तशा."

"मग?"

"नाही म्हणून सांगितलं. वर्ष व्हायचंय, यंदा आम्हाला सण नाही."

"सण नसतो. आंघोळ तर असते ना?"

"अक्का, चेष्टा नको!"

चेष्टा नव्हतीच. दिवाळीत ज्या मुलींना घरी जाणं जमत नसे, कुणाचं घर लांब, कुणाला घरच नाही, त्यांच्यासाठी इंदुमतीबाई वसतिगृह उघडं ठेवायला लावत. आणि परवानगी देऊन मोकळ्या होत नसत. पहाटे स्वतः उटणं आणि तेलाची वाटी घेऊन तिथे हजर. पदर खोचून एकेकीला पाटावर बसवायच्या आणि डोक्यावर तेल थापायच्या. कुलसचिवांना हे शोभतं का, म्हणून एका बैठकीत एका गृहस्थांनी नाक मुरडलं होतं. बाई म्हणाल्या, "तुम्हीही या की. पाणी तापवायला माणूस हवाच आहे." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

इथल्या मठातही त्या यायच्या. पायरीवर घटकाभर बसायच्या आणि जायच्या.

"आणि मी?" केतकीचा आवाज चढला. "मी पोटची पोर ना? मला साखरझोपेतून उठवून तिथे न्यायची आणि माझा नंबर सगळ्यात शेवटी! सगळ्या पोरींचं झालं की मग मी. तोवर वाटीत काय उरायचं? तळाचं तेल. तेही गार पडलेलं."

"भांडली नाहीस?"

"भांडले की! तर म्हणायची, तू काय गं, घरचीच. घरचीच... म्हणजे उरलंसुरलं माझं?"

अक्कांनी तांब्या उलटा करून त्याचं बूड घासायला घेतलं.

"यंदा मी दार लावून घेणार," केतकी म्हणाली. "कुणी या, कुणी बोलवा, उघडणार नाही. एक तरी दिवाळी ती माझी एकटीची असेल. यात माझं काय चुकलं? सांगा ना. नुसतं बरोबर म्हणा, मी जाते."

अक्कांनी बादलीतल्या पाण्यात हात विसळले. गुडघ्यावर हात टेकत उठल्या, सावकाश केतकीच्या पाठीमागे आल्या... आणि तो ओला, गारठलेला पंजा सरळ तिच्या मानेवर ठेवला.

"आई गं!" केतकी ताडकन उठली. "काय हे, अक्का! केवढा गार हात!"

"आईचा असा नसायचा?"

"छे! तिचा गरम असायचा. चांगला गरम. तो डोक्यावरून फिरायला लागला की मी पाटावरच पेंगायचे."

"आणि पहिल्या मुलीला?"

"पहिली तर किंचाळायचीच!" केतकीला हसू आलं. "पहाटेचा गारठा, त्यात आईचे हात मुळातच गार. पहिलं कोण बसणार, यावर पोरींची नुसती ढकलाढकली चालायची. तू बस, तू बस. मी पायरीवर बसून खिदळायचे. मग दुसरी बसायची, तिसरी... चोळून चोळून आईचे हात हळूहळू..."

तिचा हात आपल्या मानेवर गेला.

अक्का आपल्या जागी जाऊन बसल्या. तांब्या पुन्हा हातात घेतला.

श्रावणापासून अडून बसलेलं रडू आलं ते असं, विहिरीच्या काठावर, ध्यानीमनी नसताना. वकीलबाईंना पर्समध्ये रुमालसुद्धा सापडेना. ओढणीनं नाक पुसत ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. आई हवी होती तिला, आत्ता, इथे. अक्कांनी समजूत घातली नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. भांडी घासून झाली होती, तरी त्या घासतच राहिल्या.

बऱ्याच वेळानं केतकी सावरली. तोंडावर पाणी मारलं. ओढणी कमरेला घट्ट बांधली.

"किती मुली थांबल्यात यंदा, एवढंही विचारलं नाही मी त्यांना," ती म्हणाली. "तोंडावर नाही म्हणून मोकळी झाले. बिचाऱ्या पडेल चेहऱ्यानं गेल्या. जाते मी, अक्का. बाजार बंद व्हायच्या आत उटणं घ्यायला हवं. तेलही. आणि पाणी तापवायला कुणाला तरी धरायला हवं."

तरातरा फाटकापर्यंत गेली. तिथे मात्र तिचे पाय अडखळले. तिनं आपले दोन्ही तळवे गालांना लावून पाहिले.

"अक्का... माझे हातही गारच आहेत हो. नुसता बर्फ."

अक्कांनी मान वर केली नाही.

"असू देत. पहिली सोसेल."