आख्यानातला मसाला

“पण बुवा, कथेत चिमूटभर मसाला पडला तर बिघडलं काय?”

मधुसूदनने हे विचारलं तेव्हा अच्युतबुवा ओसरीवर सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले.

याच ओसरीवर सात वर्षं झांजा कुटून मधुसूदन कीर्तन शिकला. आता तो टीव्हीवर कीर्तन करतो, आणि भर दुपारीही कपाळाचा बुक्का ढळू देत नाही. त्याचं सगळ्यांत गाजलेलं आख्यान मात्र बुवांनी रचलेलं.

ते एका कुंभारणीचं. तिची लेक पुरात जाते. आई रोज तिचं ताट वाढून वाट बघते. शेवटी दारात कुणी भुकेला येतो, ती ते ताट त्याच्यापुढे ठेवते आणि हंबरडा फोडते. बुवांच्या तोंडून हे ऐकताना अख्खा मांडव डोळे पुसायचा.

मग एका मसाला कंपनीने कार्यक्रमाचा खर्च उचलला, आणि मधुसूदनने शेवट बदलला. आता कुंभारीण आमटीत ‘अन्नगंध मसाला’ घालते, आणि तो वास ओळखून लेक घरी परत येते.

“जाहिरात वाटतच नाही, बुवा! पाटी लावली की लोक तोंड फिरवतात. तेच आईच्या हातून घातलं की...”

“घशाखाली उतरतं.”

“अगदी! तीन जिल्ह्यांत दुकानांतून माल संपलाय. त्यांना वर्षभर हेच आख्यान हवंय. रचना तुमची, म्हणून परवानगी मागायला आलो. तुम्ही नाही म्हणालात तर मी उभा राहणार नाही.”

“लोक रडतात का रे?”

मधुसूदन घुटमळला. “आता... खूश होतात. लेक परत येते ना.”

अडकित्ता थांबला.

“वेणूला जाऊन किती वर्षं झाली?”

मधुसूदनचा चेहरा उतरला. वेणू बुवांची आणि त्यांच्या बायकोची, माईंची, एकुलती एक लेक. आठ वर्षांची असताना मागच्या घाटावरून वाहून गेली. आख्यान तिच्यावरून सुचलेलं, हे त्याला ठाऊक होतं. करार करताना तेवढं सोयीनं विसरला होता.

“एकतीस,” बुवाच म्हणाले. “पहिली नऊ वर्षं तुझ्या माईनं रोज तिचं ताट वाढलं. मग मी हे आख्यान रचलं. तिच्या एकटीसाठी. स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते ताट एका गोसाव्याला वाढलं, पोटभर रडली, आणि तेव्हापासून ताट बंद...”

बुवांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

“बघून ये.”

मधुसूदन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थबकला. माई कधी नव्हे ती ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. समोर छोटा पाट, त्याभोवती रांगोळी, एक छोटं ताट. शेजारी मसाल्याचं पाकीट.

“मधू, बरं झालं बाबा टीव्हीवर सांगितलंस,” माई हसून म्हणाल्या. “इतकी वर्षं मी घरचाच मसाला घालत बसले. पोरीला घर कळणार कसं?... हळू बोल हं. बसेल आता जेवायला.”

तो ओसरीवर आला तेव्हा घामाने बुक्का ओघळला होता.

“बुवा, चुकलो. आजच करार मोडतो. माईंना सांगतो, ते सगळं खोटं होतं, वासानं कुणी परत येत नाही...”

“मीही तेच सांगितलं तिला. तीन दिवस ताट जसंच्या तसं राहिलं. मी गाईला घातलं.”

“मग?”

आत पाट सरकल्याचा आवाज झाला. मग माईंचा आवाज आला, “सावकाश गं. ठसका लागेल.”

“काल ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं, मधू. घाटाकडचं दार मी स्वतः आतून लावलं होतं... तुझ्या मसालेवाल्यांना विचार, त्या वासावर येतं ते कोण?”