रांजण थापटायची वेळ

एका गावात गेनू नावाचा एक तरुण कुंभार होता. हात मोठे गुणी, पण पायाला भिंगरी! सकाळी चाकावर बसलेला हा गडी दुपारी कोष्ट्याच्या मागावर दिसे आणि संध्याकाळी ढोलकीवाल्याच्या ओट्यावर. जे दिसेल ते याला शिकायचं असे.

गावात एक रीत होती. उन्हाळा लागला की वाटसरूंसाठी देवळापुढे पाण्याचा रांजण ठेवायचा, आणि तो गेनूच्याच घरचा असायचा. वडील गेले, तसा यंदा तो मान गेनूकडे आला.

त्याने चाकावरून झोकात रांजण उतरवला. आई म्हणाली, "बाळा, आता इथून हलू नकोस. माती अर्धी सुकली की लगेच फळीने थापटून घट्ट करायला घे. ती वेळ गेली की गेली."

पण नुसतं बसून राहायचं? गेनूचा जीव कासावीस झाला. त्यात तिकडे ढोलकी वाजू लागली. "आलोच गं!" म्हणत तो सटकला. परत येऊन बघतो तर माती पार कडक! फळी मारली आणि रांजणाला चीर गेली. पठ्ठ्याने ती ओल्या मातीने लिंपली आणि रांजण तसाच भट्टीत घातला.

देवळापुढे सारा गाव जमला. पाणी ओतलं मात्र, चिरेतून धार लागली.

"पौर्णिमेपर्यंत दुसरा आण," पाटील म्हणाले. "नाहीतर हा मान शेजारच्या गावाला जाईल."

आई खाली वाकून सांडलेलं पाणी पुसू लागली. गेनूला तेच जास्त लागलं.

दुसरा रांजण उतरवून तो शेजारीच बसला. हात शिवशिवत होते. ढोलकी ऐकू आली, तसा तो अर्धा उठलासुद्धा!

"जातोस?" आईने विचारलं.

"जायचंय गं, फार जायचंय," तो रडकुंडीला येऊन म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. सारखं मातीला बोट लावून बघत राहिला.

माती हवी तशी झाली. त्याने आतून दगडी गोटा धरला आणि बाहेरून फळी मारली. धप, धप, धपाधप! बघता बघता हात लयीत चालू लागला. तिकडची ढोलकी थांबली. ढोलकीवाला कुंपणापाशी येऊन म्हणाला, "अरे, एवढा सुरेख ठेका कोण धरतंय?"

"ठेका कसला!" आई हसली. "माझा गेनू रांजण थापटतोय."

पौर्णिमेला भट्टीतून भाजून निघालेला तोच रांजण देवळापुढे भरला गेला, आणि थेंबभरही पाणी गळलं नाही.

तात्पर्य: मन दहा ठिकाणी धावलं तरी एका कामापाशी ठाण मांडून बसावं, इकडेतिकडे शिकलेलंही मग त्याच कामात उतरतं.