वाळिंबेसाहेबांचा तिसरा घोट

नाशिकच्या वाईन स्पर्धेत मुख्य परीक्षक वाळिंबेसाहेबांची जीभ म्हणजे हायकोर्ट. तिच्या निकालावर अपील नाही. यंदा दिंडोरीच्या वसुधा गायधनीने नॉर्टन या अस्सल अमेरिकन काळ्या द्राक्षाची रेड वाईन आणली, तेव्हा साहेबांनी भर सभेत नाक मुरडलं.

"फ्रान्सची द्राक्षं सोडून ही अमेरिकेची रानवेल? असली वाईन माझ्या घशाखाली उतरणार नाही. डोळे झाकून ओळखीन आणि स्पर्धेबाहेर काढीन!"

"ओळखा की," वसुधा म्हणाली. "पण नाही ओळखलीत, तर ती स्पर्धेत राहील."

आयोजकांनी चार बाटल्यांना कापडी पिशव्या चढवून चार ग्लास भरले. कुठल्या ग्लासात काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. परीक्षकांच्या रिवाजाप्रमाणे साहेब घोट तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचे. चौथा घोट थुंकून त्यांनी तोंड वाकडं केलं. "हीच ती रानटी!"

"नाही साहेब, माझी तिसरी," वसुधा जागेवरूनच म्हणाली.

पिशव्या निघाल्या. चौथी फ्रेंच द्राक्षाची होती, तिसरी नॉर्टन.

साहेब चमकले. "तुम्ही तर ग्लासला हातही लावला नाहीत! ओळखलीत कशी?"

"तुमच्याकडे बघून. बाकीचे तीन घोट तुम्ही थुंकलात, तिसरा मात्र गिळलात." वसुधाची मान ताठ होती. "माझी वाईन कुणाला थुंकवत नाही. साहेब, तुमच्या जिभेचा निकाल तुमच्याच घशानं फिरवला."