निळ्या फुलाला हवा शेजार

मंडळी, सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? समोर मान डोलावणाऱ्यावर, की तोंडावर टोचून बोलणाऱ्यावर?

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता. राणी गेली तसं त्याला माणूस जवळ नकोसं झालं. लेक कुंदमाला, तिला तळ्यापलीकडे वेगळा महाल दिला. पाहुण्याला वेगळं दालन, चांदीचं ताट, आणि बोलायला कुणी नाही. एक मांत्रिक असाच महिनाभर एकटा जेवला. जाताना म्हणाला, "सागरापारचं निळं फूल तुझ्या हातून फुलेपर्यंत तुझा शब्द माणसाच्या कानी पडणार नाही."

तसंच झालं. राजा तळ्याकाठून हाका मारी. लेक गच्चीवर केस विंचरत राही. तिला वाटे, बापाने बोलणंच टाकलं.

राजाने एकट्याने गलबत हाकलं, दक्षिणेच्या किनाऱ्यावरून त्या फुलाचे गड्डे आणले. टोपलीत बसून तिथली एक साळुंकीही आली. ती पाखरू, तिला राजाचं बोलणं ऐकू येई.

पहिल्या साली राजाने गड्ड्यांना उठता बसता गुलाबपाणी घातलं, निम्मे कुजले. दुसऱ्या साली मांडवाच्या सावलीत ठेवले; पट्ट्यासारखी लांब पानं आली, फूल नाही. तिसऱ्या साली एकेक गड्डा सुटा करून त्याला सोन्याची हंड्याएवढी कुंडी दिली. कुंड्या पाहून माळ्यांनी माना डोलावल्या. फूल नाहीच.

साळुंकी म्हणाली, "राजा, तू यांना पाहुण्यासारखं ठेवलंस."

"उणं काय ठेवलं?"

"शेजार. मोकळी जागा मिळाली की हे नुसती मुळं पसरत बसतात. मातीच्या तोकड्या कुंडीत खेटून लाव. ऊन दे, हिवाळ्यात पाण्याचा हात आखड. आणि मग उकरू नकोस."

राजाला झोंबलं, पण त्याने ऐकलं. दोन उन्हाळे फुलाविना कोरडे गेले. मुळं दाटून कुंडीला तडा गेला. राजा कुंडी बदलायला उठला की साळुंकी काठावर ठाण मांडून बसे. तिसऱ्या उन्हाळ्यात पानांतून उंच दांडा निघाला, टोकाला कळ्यांचा झुबका आला, आणि एका सकाळी त्यातली एक निळीशार उमलली.

राजा कुंडी उचलून तळ्याकाठी गेला. सवयीने म्हणाला, "कुंदे."

पलीकडे फणी थांबली. "आबा, किती वर्षांनी हाक मारलीत."

"रोजच मारत होतो गं."

"मग इतकं लांब का ठेवलंत?"

राजाने कुंडी काठावर ठेवली. तो पाण्यात उतरला आणि चालू लागला.

शाप फिटला. रिकाम्या दालनांना कुलपं लागली, साऱ्यांची पंगत एकच बसू लागली. साळुंकीला राजाच्या ताटाशी जागा मिळाली.

तेव्हा मंडळी, एवढं कराच. कुणाला काय काय दिलं याचा हिशेब मांडाल, तेव्हा त्याच्याजवळ किती वेळ बसलात, तेही खरं खरं मांडा.