कानातला फाया

"...म्हणजे तुम्ही बॉनेट उघडणारच नाही?"

प्राध्यापक मोरेश्वर आगाशे यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. "तुम्ही उघडलंय की घरी. किती वेळा?"

"चौदा वेळा."

"मग पंधराव्यांदा मी कशाला उघडू?"

मिरज स्टेशनच्या मागे उस्तादांचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, एक बाकडं. उस्ताद ऐंशीच्या घरातले. दाढी पांढरी, नखं काळी. उजव्या कानाच्या वळणात अत्तराचा फाया खोचलेला असे, रोज सकाळी नवा. शहरातली बिघडलेली इंजिनं आधी दुसरीकडे जात, मग इथे येत.

दारात प्राध्यापकांची गाडी उभी होती. लाल, बुटकी, दोन माणसांची, कापडी टपाची. साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार. भंगारातून आणून सहा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली होती. रस्त्याने जाणारे थांबत होते. प्राध्यापक त्यांच्याकडे पाहत नव्हते, पण ते थांबलेत हे त्यांना ठाऊक होतं.

"मी दुरुस्तीला आलेलो नाही," ते म्हणाले. "गाडीत दोष नाही. एवढंच तुमच्या तोंडून हवंय."

"माझ्या तोंडून? तुम्ही तर इंजिनातले डॉक्टर."

"छत्तीस वर्षं शिकवलं. पण ती म्हणते, दस्तगीरचाचांनी सांगितलं तरच बसेन."

ती म्हणजे कुमुद, प्राध्यापकांची बायको. तिचे वडील मिरजेतले डॉक्टर होते. त्यांची गाडी उस्तादांकडे असे, आणि लहानपणी कुमुद याच बाकड्यावर पाय हलवत बसायची.

"कुमुदला काय झालं?"

"काही नाही. गाडीत धुराचा वास येतो म्हणते. डोकं धरतं म्हणते. गेल्या महिन्यात नरसोबाच्या वाडीहून येताना..."



"येताना काय?"

"चक्कर आली. क्षणभर शुद्ध नव्हती. सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, हृदय, सगळं ठीक आहे. तेव्हापासून ती गाडीत बसलेली नाही. रविवारी सांगलीहून जुन्या गाड्यांची फेरी निघतेय. सगळ्यांत पुढे माझी गाडी. शेजारची सीट रिकामी ठेवून जाऊ का मी?"

"तुम्हाला येतो वास?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. मी तिला सांगितलं, वास गाडीत नाही, तुझ्या मनात आहे."

उस्तादांनी उरलेला चहा संपवला.

प्राध्यापकांनी कातडी पिशवीतून फाईल काढली. "हे पाहा. इंजिनपासून सायलेन्सरच्या शेपटापर्यंत प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासलाय. एक बुडबुडा नाही. गॅस्केट नवं. कार्बुरेटर स्वतः लावलेला. आकडे तारखेनिशी आहेत. पुढून आत धूर येणं अशक्य आहे."

उस्तादांनी फाईल उघडली नाही. तिच्यावर हात ठेवला.

"खरं आहे."

"काय खरं आहे?"

"पुढून येत नाही."

"मग तसं कुमुदला फोनवर सांगा. दोष नाही म्हणून."

"ते मी कुठं म्हटलं?"

उस्ताद उठले आणि गाडीभोवती फिरले. बॉनेटपाशी थांबले नाहीत. मागे गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि डिकीच्या झाकणाची कड एका डोळ्याने पाहिली.

"झाकण सुरेख बसलंय."

प्राध्यापकांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "त्यासाठी तर कप मिळाला, उस्ताद. पुण्याच्या प्रदर्शनात. परीक्षकाने रेषेवरून नख फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही. म्हणाला, कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा गाडी इतकी सरळ नसेल."

"नसणारच. उघडा बघू."

झाकण उघडलं. उस्तादांनी कडेवरून बोट फिरवलं. बोट गुळगुळीत रंगावरून घसरत गेलं.

"इथलं रबर?"

"काढलं. नवं मागवलं होतं, पण ते लावलं की झाकण दोन मिलिमीटर वर राहतं. रेष तुटते. पावसात मी गाडी काढतच नाही, मग रबर हवं कशाला?"

उस्ताद डिकीत वाकले, कोपऱ्यात हात घालून काहीतरी केलं आणि सरळ झाले.

"लावा झाकण. चला, एक चक्कर मारू. मी डाव्या बाजूला बसतो."

गाडी निघाली. इंजिन खरोखर गोड वाजत होतं. रस्त्यावरची माणसं वळून पाहत होती. प्राध्यापकांनी पाठ ताठ केली.

"ऐका," ते म्हणाले. "एक तरी ठोका चुकतोय?"

"नाही चुकत."

"वास येतोय?"

"तुम्ही सांगा."

प्राध्यापकांनी श्वास घेतला. "धुराचा नाही. तुमच्या अत्तराचा येतोय मात्र. आज जरा जास्तच झालंय."

"जास्त होतंय, तर काच खाली करा."

"तेच मी तिला सांगतो. वास वाटला तर काच उघड. साधी गोष्ट आहे." त्यांनी काच खाली केली.

गाडी कृष्णाघाटाच्या रस्त्याला लागली. वेग वाढला. वारा कानाशी फडफडू लागला.

प्राध्यापकांनी पुन्हा श्वास घेतला. मग आणखी एकदा.

"वाढला..."

उस्तादांनी मान वळवली आणि उजवा कान त्यांच्याकडे केला.

कान रिकामा होता.

"फाया कुठे आहे?"

"मागं."

प्राध्यापकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"हे सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "तुम्ही शेजारी बसलाय. अत्तर तुमच्या कानाला आहे, कपड्यांना आहे. वास तुमचाही असेल."

"बरोबर बोललात," उस्ताद म्हणाले आणि दार उघडून उतरले. "मी या चिंचेखाली बसतो. दोन्ही काचा खाली करा, वारा खेळू द्या. मग नाक्यापर्यंत एकटे जाऊन या."

लाल गाडी लांब गेली. दिसेनाशी झाली.

ती परतली तेव्हा हळू येत होती. प्राध्यापकांनी इंजिन बंद केलं, पण खाली उतरले नाहीत.

"आला?" उस्तादांनी विचारलं.

"तुम्ही बसला होतात तेव्हापेक्षा जास्त."

उस्ताद चिंचेच्या बुंध्याला टेकून राहिले.

"गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवा विरळ होते," प्राध्यापक बोलू लागले. ते वर्गात बोलत तसं नव्हे, स्वतःशी. "सायलेन्सरमधून सुटलेला धूर तिथेच घोटाळतो. टपाखालची हवा काचेतून बाहेर ओढली जाते, आणि तिची जागा भरायला धूर डिकीच्या फटीतून आत येतो. डिकी आणि सीट यांच्यामध्ये नुसता पुठ्ठा आहे. हे मी फळ्यावर काढून दाखवायचो, उस्ताद. दरवर्षी... आणि तिला सांगत होतो, काच उघड."

चिंचेवर कावळा ओरडला.

"वाडीहून येताना ती दोनदा म्हणाली, थांबा. मी म्हटलं, इंजिन ऐक, किती सुंदर चाललंय."

"रबर आहे का जवळ?"

"घरी आहे. माळ्यावर, पाकिटात. उघडलेलंही नाही."

"घेऊन या."

दुपारी उस्तादांनी स्वतः रबर बसवलं. गोंद लावला, अंगठ्याने इंच इंच दाबत नेलं, पुठ्ठ्याची भोकं कापडी पट्टीने बुजवली. मग झाकण लावलं.

झाकण वर राहिलं. ज्वारीचा दाणा राहील एवढंच.

प्राध्यापकांनी कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं.

त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

"दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय की."

"रविवारी सगळे बघतील. मागून येणारा प्रत्येक जण."

"बघतील."

प्राध्यापकांनी झाकणावर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला, मग काढला. खिशातून रुमाल घेऊन तिथे उमटलेला ठसा पुसला, आणि फाईल पिशवीत टाकली.

"आता फाया परत मागे ठेवू," ते म्हणाले, "आणि तीच चक्कर मारू. पद्धतशीर तपासलेलं बरं."

"तपासा. अत्तर येणार नाही."

"आणि धूर?"

"धुराचं काय?"

"अत्तर मला कळलं, कारण ते नवीन होतं. धुरात मी आयुष्य काढलंय. तो आधी आत होता तेव्हाही मला कळला नाही. मग आता गेला, हे तरी मला कसं कळणार?" त्यांचा आवाज खाली आला. "माझं नाक कामाचं नाही, उस्ताद."

उस्तादांनी गाडीचं डावं दार उघडलं. खांद्यावरचं फडकं घेतलं आणि रिकामी सीट पुसली. आधी पाठ, मग बैठक, मग कडा. सावकाश, कोणी बसायला येतंय तशी.

"तुमचं नाक इथं बसतं, सर."