मठाचं विरजण

"मग तो जिवंत की मेलेला?" दयाळबुवांनी विचारलं.

मकरंद उंबऱ्यात थबकला. काखेत गाठोडं, निघायची घाई, आणि बुवांना सुचलं काय तर हे!

"धड दोन्ही नाही, बुवा. विषाणू खात नाही, श्वास घेत नाही. बाहेर नुसता पडून असतो, धुळीच्या कणासारखा."

"आणि त्या धुळीला भिऊन तू मठ सोडतोस?"

मकरंदने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

कृष्णाकाठच्या त्या मठात, मठ स्थापणाऱ्या मूळ बुवांच्या काळापासून रीत होती. कालच्या दह्याने आजचं दूध विरजायचं. उद्या मूळ बुवांची पुण्यतिथी, अख्ख्या गावाला त्याच दह्याचा काला. मकरंद पूर्वी डेअरीच्या प्रयोगशाळेत होता, म्हणून मडकं त्याच्या हाती दिलेलं. आणि गेले काही दिवस दही लागतच नव्हतं. दूध पातळ ते पातळच. त्याने जुन्या मित्राकडून ते तपासून आणलं, तर दह्याच्या जिवाणूंना विषाणू लागलेला.

मठाचं विरजण आपल्या हातून मेलं, हे त्याला सोसवेना.

"करतो काय तो?" बुवांनी बैठक सोडली नव्हती.

"जिवाणूला चिकटतो. आपली जनुकं आत सोडतो. मग तो जिवाणू स्वतःचं सगळं सोडून याचीच पिल्लं घडवत बसतो. शेवटी फुटून मरतो, आणि पिल्लं शेजारच्याला धरतात."

"दिसेल त्याला?"

"छे! अंगावर ठरावीक खूण असेल त्यालाच. दुसऱ्या वाणाच्या जिवाणूला तो ओळखतसुद्धा नाही."

"आपल्या मडक्यात वाण किती?"

एवढ्या दुःखातही मकरंदची मान ताठ झाली.

"एकच! मी आलो तेव्हा नुसता गोंधळ होता, बुवा. नाना तऱ्हा. बायका नवस फेडायला घरचं दही आणून मडक्यात ओतायच्या. ते आधी बंद केलं. मग सगळ्यात गोड, सगळ्यात घट्ट लागणारा वाण निवडला. बाकी सगळे काढून टाकले. असलं शुद्ध विरजण पंचक्रोशीत..."

तो बोलता बोलता थांबला.



"सगळे एकसारखे," मकरंद पुटपुटला. "एकाला लागला की सगळ्यांनाच."

बुवा उठले, आत गेले आणि एक रिकामी वाटी आणून त्याच्या हातात कोंबली.

"गावातून दही मागून आण."

"कुणाकडून?"

"देईल त्याच्याकडून."

"बुवा, कुणाचं आंबट असतं, कुणाचं तार सुटलेलं..."

"मग तर फारच बरं."

पहिलंच घर फुलाबाईंचं. गेल्या महिन्यात त्यांचं दही त्याने मडक्याजवळूनच परत पाठवलं होतं. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या लाटसाहेब! माझं दही चालत नव्हतं ना तुम्हाला?"

"चुकलो, काकू."

"बरं बरं, रडू नकोस. धर. हे तुमच्याच मठातलं आहे. सासूबाईंनी आणलेलं. मध्ये एकदा नासलं, तेव्हा मोमीनांच्या घरचं घातलं त्यात. तेव्हापासून बघ, एकदाही दगा दिला नाही."

 त्याने वाटी पुढे केली, आणि तिथून मोमीनांच्या घरी गेला, मग कुंभारवाड्यात, मग नदीपलीकडे. संध्याकाळी ते सगळं एकत्र करून त्याने दूध विरजलं आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

सकाळी मडक्यावरचं फडकं काढलं आणि तो ओरडतच धावत सुटला.

"बुवा, लागलं! लागलं हो!"

बुवांनी बोटभर दही चाखलं. एक डोळा आपोआप मिटला.

"आंबट आहे रे!" ते खो-खो हसले. "वाढ गावाला."

मकरंदही हसला. मग त्याचा चेहरा जरा उतरला.

"पण खरं सांगायला हवं, बुवा. तो विषाणू अजून मठात कुठेतरी असणार. भांड्याला, फडक्याला, हवेत. उकळून, घासून पुरता जाईलच असं नाही."

"असेल की."

"म्हणजे उद्या पुन्हा..."

"उद्या वाटी घेऊन वरच्या आळीला जा."